मामाचा पीएस४ आणि भाच्याचा पीसी

पत्र:

“नमस्कार. मी कोल्हापूरचा, वय छत्तीस, नोकरी पतसंस्थेत. २०१५ मध्ये पहिल्या पगारवाढीच्या पैशांतून सोनीचा प्लेस्टेशन ४ कन्सोल, म्हणजे पीएस४, घेतला, जुना जाडा, ५०० जीबीचा. अजून चालतोय. मुलं झोपली की रात्री दहा ते साडेअकरा, एवढाच वेळ माझा. मला मोठ्या मोकळ्या जगाचे गेम आवडतात. घोड्यावर बसायचं आणि वाट फुटेल तिकडं जायचं. गेल्या महिन्यात ‘सायबरपंक २०७७’ची वापरलेली डिस्क सहाशे रुपयांना मिळाली म्हणून घेतली. बाजारातून चालताना माणसं आधी मातीच्या बाहुल्यांसारखी दिसतात, मग त्यांना चेहरे फुटतात. गाडी जोरात पळवली की पुढचा रस्ता उशिरा येतो. आणि पंखा असा ओरडतो की आतल्या खोलीतून विचारणा होते, ‘आत्ता कोण मिक्सर लावलाय?’ भाचा इंजिनिअरिंगला आहे, त्याच्याकडं पीसी आहे. तो म्हणतो, ‘मामा, तो डबा भंगारात घाल.’ माझ्याकडं सत्तर हजार आहेत, त्यावर एक रुपया नाही. पीसी घेऊ, पीएस५ घेऊ, का आहे त्यावरच भागवू? आणि माझ्या बावीस डिस्कांचं काय करू?”

उत्तर:

डिस्का कुणाला देऊ नका आणि डबा भंगारात घालू नका. पीसीचं कोटेशन आणलं असेल तर ते घडी करून खिशात ठेवा. भाचा सांगतोय त्यात खोटं काही नाही, पण तो त्याच्या टेबलावरून बोलतोय आणि तुम्ही तुमच्या दीड तासातून.

आधी तुम्हाला दिसतंय ते काय आहे ते बघू. बाहुल्यांना उशिरा चेहरे फुटतात, म्हणून तुम्हाला वाटतंय की पीएस४चं चित्र काढायचं बळ संपलं. खरं तर चित्राचा भाग सगळ्यात शेवटी म्हातारा होतो. चित्र जड झालं तर बनवणारे ते थोडं पुसट करतात, लांबची झाडं कमी करतात, आणि सोफ्यावरून आपल्याला ते फारसं कळतही नाही. मोकळ्या जगाच्या गेममध्ये आधी थकतात ते दुसरे दोघे: हार्ड डिस्क आणि प्रोसेसर.

हार्ड डिस्कचं बघा. असल्या गेमचं शहर सगळंच्या सगळं मेमरीत कधीच नसतं. तुमच्या पीएस४मध्ये ८ जीबी मेमरी आहे, त्यातली साधारण ५ जीबी गेमच्या वाट्याला येते, आणि गेम हार्ड डिस्कवर पन्नास-शंभर जीबी पसरलेला. म्हणजे तुम्ही चालत असता तेव्हा पुढची गल्ली डिस्कवरून उचलली जाते आणि मागची टाकून दिली जाते, सतत. तुमच्या कन्सोलमधली फिरती हार्ड डिस्क सेकंदाला ५० ते १०० एमबी देते, तेही तिची वाचायची सुई एका जागेवरून दुसरीकडे पळत नसेल तर. सोनीच्या मार्क सर्नी यांनी मार्च २०२० मध्ये पीएस५ची ओळख करून देताना एक गोष्ट सांगितली होती, ती मला फार आवडते. ‘स्पायडर-मॅन’च्या पीएस४वरच्या गेममध्ये काही गोष्टी, म्हणजे रस्त्यावरच्या टपालपेट्यांसारखं किरकोळ सामान, हार्ड डिस्कवर ४०० वेळा लिहून ठेवलेलं होतं. एकच पेटी, चारशे प्रती! कारण प्रत्येक चौकाचं सामान एका जागी सलग ठेवलं तरच सुई वेळेत तिथे पोचते. पेटी शोधायला सुई दुसऱ्या टोकाला गेली तर तेवढ्यात स्पायडर-मॅन तीन इमारती पुढे गेलेला असतो. आता तुमच्या सायबरपंकच्या रस्त्याकडे बघा. गाडी डिस्कच्या पुढे पळतेय, एवढंच झालंय.

प्रोसेसरची गोष्ट जरा जास्त वाईट, कारण त्याला इलाज नाही. पीएस४मध्ये एएमडीचे जॅग्वार जातीचे आठ कोअर आहेत, १.६ गिगाहर्ट्झचे. ही जात मुळात स्वस्त लॅपटॉप आणि टॅबलेटांसाठी काढलेली. २०१३ मध्येसुद्धा ती पैलवान नव्हती. बाजारातली गर्दी, प्रत्येकाचं चालणं, गाड्यांची रहदारी, आपटलेल्या खुर्चीचं गडगडणं, हे सगळं त्याच्या डोक्यावर. चित्र पुसट करून त्याचं ओझं हलकं होत नाही. चौकात गर्दी झाली की चित्र अडखळतं ते म्हणून.

तुमचं नशीब एवढ्यापुरतं खोटं, की तुम्ही नेमका तोच गेम उचललात. सायबरपंक २०७७ आला १० डिसेंबर २०२० ला, पीएस५ बाजारात येऊन महिना झालेला. साध्या पीएस४वर त्याची अशी दशा होती की आठवडाभरात सोनीने तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काढून टाकला आणि लोकांचे पैसे परत दिले. परत ठेवला तो थेट जून २०२१ मध्ये, तेही पीएस४वर हा गेम खेळणं बरं नव्हे अशी सूचना लावून. पुढे दुरुस्त्या बऱ्याच झाल्या, पण सप्टेंबर २०२३ मध्ये गेमचा कायापालट करणारं २.० अपडेट आलं, ‘फँटम लिबर्टी’ हा जोडभाग आला, आणि दोन्हींत पीएस४चं नाव नव्हतं. तुमच्या हातात आहे ती अर्ध्यात सोडलेली आवृत्ती. सहाशे रुपये वाया गेलेले नाहीत, का ते पुढे सांगतो. पण आज रात्रीपासून तो खेळू नका. चांगला गेम आहे, नासवून घेऊ नका.

आता उलटी बाजू. तुमच्याच बावीसमध्ये ‘रेड डेड रिडेम्प्शन २’ असेल असं घोड्याच्या उल्लेखावरून मी धरून चालतो. तो २०१८ चा, डब्यात दोन डिस्का. तुमच्याच पीएस४वर तो १०८०पी मध्ये, सेकंदाला ३० चित्रांनी चालतो आणि दिसतो असा की डोंगरावरून सूर्योदय बघत मी स्वतः बोटं बटणांवरून काढून बसलोय. तोच प्रोसेसर, तीच फिरती डिस्क, मग फरक कुठला? हा गेम त्या यंत्रासाठीच बेतलेला. घोड्याचा वेग किती असावा, गावं एकमेकांपासून किती लांब, धुकं कुठे, हे सगळं डिस्क किती पुरवू शकते ते ओळखून ठरवलेलं. ‘घोस्ट ऑफ त्सुशिमा’ (जुलै २०२०) तर या यंत्रावर इतक्या झटक्यात उघडतो की हा पीएस४च का असा प्रश्न पडावा. ‘विचर ३’, ‘होरायझन झीरो डॉन’ हेही याच घरचे. म्हणून डिस्क घेताना वर्ष बघण्यापेक्षा हे बघा की हा गेम बनवताना बनवणाऱ्यांच्या टेबलावर कुठलं यंत्र होतं. पीएस४ असेल तर डोळे झाकून घ्या. पीएस५ किंवा पीसी असेल आणि पीएस४ला मागून शिवण घालून चिकटवलं असेल, तर सहाशे रुपयांनाही नको.

हे आजचं नाही. मागची पिढी आठवा. ‘जीटीए ५’ सप्टेंबर २०१३ मध्ये आला तो पीएस३ आणि एक्सबॉक्स ३६० वर. एक्सबॉक्स ३६० मध्ये मेमरी होती ५१२ एमबी, आज आपल्या फोनमध्ये एकटं व्हॉट्सअॅप तेवढी खात असेल. त्यात गेममधलं अख्खं लॉस सँटोस शहर बसवलं होतं. एक्सबॉक्सच्या डब्यात दोन डिस्का यायच्या आणि गेम बनवणाऱ्या रॉकस्टारचा सल्ला असा की पहिली डिस्क इन्स्टॉल करा, दुसरी मात्र हार्ड डिस्कवर उतरवू नका, ड्राइव्हमध्येच फिरू द्या. शहराचा काही भाग हार्ड डिस्कवरून यायचा आणि काही डिस्कवरून, एकाच वेळी. दोन नळांनी बादली भरायची. ती दुसरी डिस्कही उतरवून टाकणाऱ्यांच्या गाड्यांसमोर रस्ते उशिरा उगवायचे. आठ वर्षं जुन्या यंत्राला शेवटच्या वर्षी कुणी एवढं पिळून काढलं, की मला त्या कारागिरीपुढे हात जोडावेसे वाटतात.

पीसीकडे वळू. भाच्याचं म्हणणं बरोबर कुठे आहे तेही सांगायला हवं. रेड डेड २ची पीएस४ आवृत्ती पीएस५वर घातली तरी ३० चित्रांनाच अडकते. भाच्याच्या पीसीवर तोच गेम ६० किंवा त्याहून वर पळतो, आणि एकदा तिथे घोडा पळताना बघितला की परत येणं जड जातं. स्कायरिमसारख्या २०११ च्या गेमला लोक अजून नवे डोंगर, नवी गावं जोडत बसलेत, ते मुख्यतः पीसीवर. स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानाच्या सेलमध्ये जुने मोठे गेम वडापावच्या नसले तरी मिसळपावच्या हिशेबात मिळतात. ऑनलाइन खेळायला वेगळी वर्गणी नाही. आणि पीसी दिवसा एक्सेलही चालवतो.

पण तुमच्या सत्तर हजारांत मॉनिटर, कॅबिनेट, एसएमपीएस (आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा), कीबोर्ड, विंडोज आणि बहुधा एक यूपीएस बसवायचाय. दुकानदार कोटेशनमध्ये ग्राफिक्स कार्डाचं नाव ठळक लिहितो आणि एसएमपीएससमोर नुसतं ‘४५० वॉट’ लिहून मोकळा होतो. पैसे तिथेच वाचवलेले असतात. त्यात २०२५ च्या अखेरीपासून एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी उचलायला सुरुवात केली आणि रॅमचे भाव कडाडले, एसएसडीही (फिरत्या डिस्कऐवजी चिपवर साठवणारी वेगवान डिस्क) त्यांच्यामागे. अॅसेम्बल करायला याहून वाईट वेळ मी फार कमी बघितल्यात. सायबरपंक आज पीसीवर किमान काय मागतो ते बघा: १२ जीबी रॅम, जीटीएक्स १०६०चं ६ जीबीचं कार्ड, आणि एसएसडी हवीच, हार्ड डिस्क चालणार नाही. हे किमान झालं. ते बसवाल, पण पाच वर्षांनी काय, हा प्रश्न कन्सोलला जसा आहे तसाच पीसीला आहे. फक्त तिथे एकेक भाग बदलून तुम्ही तो हप्त्याहप्त्याने सोडवता.

जुनं कार्ड स्वस्तात मिळतंय म्हणून मोहात पडू नका. २०२२ च्या शेवटी क्रिप्टोची खाण बंद पडल्यावर बाजारात कार्डांचा पूर आला होता, तेव्हा मी एका दुकानातून एक घेतलं. चकचकीत पुसलेलं, डब्यासकट. चार महिने छान. मग एका रात्री पडद्यावर हिरवे-गुलाबी चौकोन आले आणि खेळ खलास. दुकानदार म्हणाला, टेस्टिंग वॉरंटी आठ दिवसांची होती. होतीच. पावतीवर लिहिलेलं मी वाचलं नव्हतं.

शिवाय एक त्रास आहे ज्याचं नाव भाचा घेणार नाही, कारण त्याला त्याची सवय झालीय. कन्सोल म्हणजे लाखो लोकांकडे एकच यंत्र, त्यामुळे चित्रासाठी लागणारे शेडर नावाचे छोटे प्रोग्रॅम आधीच त्या यंत्रासाठी तयार करून डिस्कवर दिलेले असतात. पीसीत प्रत्येकाचं कार्ड वेगळं, म्हणून ते तुमच्या घरी, तुमच्या यंत्रावर तयार होतात. काही गेम सुरुवातीला पंधरा-वीस मिनिटं त्यातच घालवतात; काही ते खेळता खेळता करतात, आणि मग नवा राक्षस समोर आला की चित्र अर्धा सेकंद गोठतं. ‘एल्डन रिंग’ २०२२ मध्ये आला तेव्हा तगड्या पीसींवरही हे होत होतं. तुमच्याकडे रात्रीचा दीड तास आहे. त्यातली वीस मिनिटं पट्टी भरताना बघण्यात, दहा मिनिटं ड्रायव्हरच्या अपडेटात आणि पंधरा मिनिटं ‘सावल्या मध्यम ठेवू की उंच’ या चिंतनात गेली, तर घोडा तबेल्यातच राहील. विशीत मला हे सगळं आवडायचं. भाच्यालाही आवडतं, आवडू दे.

आणि तुम्हाला पुढे हवा असलेला सगळ्यात मोठा गेम कोणता, हे तुम्ही लिहिलं नाहीत, पण माझा अंदाज जीटीए ६ असा आहे. तो जाहीर झालाय पीएस५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स व एस यांच्यासाठी. पीसीचं नाव त्या घोषणेत नाही, आणि रॉकस्टारची खोड जुनी आहे. जीटीए ५ पीसीवर यायला एकोणीस महिने लागले. रेड डेड २ला वर्षभर. २०१० चा पहिला रेड डेड रिडेम्प्शन पीसीवर आला २०२४ च्या ऑक्टोबरात, चौदा वर्षांनी! तेवढ्यात तुमची मुलं कॉलेजात जातील.

तर घ्यायचं झालं तर पीएस५, आणि डिस्क ड्राइव्हवालाच. दुकानदार डिजिटल एडिशन स्वस्त म्हणून पुढे करेल, ती घेऊ नका. तिला डिस्कची खाच नसते, म्हणजे तुमच्या बावीसही डिस्का नुसते चहाचे कोस्टर होतील. ड्राइव्ह असला की पीएस४च्या जवळजवळ सगळ्या डिस्का त्यात चालतात, आणि इथे तुमचे सहाशे रुपये वसूल होतात: पीएस४ची सायबरपंकची डिस्क घातली की पीएस५ची पूर्ण आवृत्ती फुकट उतरते, २.० अपडेटसकट. ‘विचर ३’चंही तसंच. फँटम लिबर्टी मात्र विकत. एल्डन रिंगची डिस्क असेल तर एक गंमत करून बघा. पीएस५वर तिची पीएस४ आवृत्ती मुद्दाम उतरवून खेळा, ती पीएस५च्या आवृत्तीपेक्षा जास्त सलग ६० चित्रं देते. जुना गेम हलका, नवं यंत्र दांडगं.

पीएस५ची एसएसडी सेकंदाला ५.५ जीबी वाचते. तुमच्या डिस्कच्या पन्नासपट धरा, तरी कमीच. त्यामुळे चारशे टपालपेट्यांची गरज उरली नाही, आणि म्हणूनच नवे गेम जुन्या यंत्राला सोडून चाललेत. ‘होरायझन फॉरबिडन वेस्ट’ २०२२ मध्ये पीएस४वर आला, पण वर्षभराने आलेला त्याचा ‘बर्निंग शोर्स’ हा पुढचा भाग फक्त पीएस५ला. २०२५ चा ‘असॅसिन्स क्रीड शॅडोज’ पीएस४वर आलाच नाही. दार हळूहळू लोटलं जातंय, आपटलेलं नाही.

एवढं सांगून मी म्हणेन, पीएस५ आज घेऊ नका. पूर्वी कन्सोल जुना झाला की स्वस्त व्हायचा, म्हणून थांबण्यात शहाणपण होतं. पीएस५ फेब्रुवारी २०२१ मध्ये भारतात आला तेव्हा ४९,९९० ला होता आणि पुढच्याच वर्षी महागला, त्यामुळे स्वस्त होईल म्हणून थांबा असं मी सांगत नाही. थांबायचं कारण वेगळं आहे: तुमच्याकडे पीएस४च्याच घरचे, न संपवलेले गेम पडून असणार. बावीस डिस्कांतल्या किती संपवल्यात, खरं सांगा. रेड डेड २ची कथाच पन्नास तासांच्या आसपासची. तुमच्या रात्रीच्या हिशेबाने महिन्याहून थोडं जास्त, तोही मुलं रोज वेळेवर झोपली तर. जीटीए ६ दुकानात येईल त्या आठवड्यात पीएस५ घ्या.

तोवर या रविवारी दोन कामं करा. पहिलं त्या मिक्सरचं. दहा वर्षांत पंख्याच्या पात्यांवर केसांची आणि धुळीची वाकळ तयार झाली असेल, आणि चिपवरची थर्मल पेस्ट वाळून खडू झाली असेल. धूळ ब्लोअरने बाहेरून मारता येते, पण थोड्या थोड्या झोतांनी मारा, पंख्याची पाती भिंगरीसारखी फिरू देऊ नका. पेस्ट बदलायला यंत्र पूर्ण उघडावं लागतं, ते मोबाईल-लॅपटॉप दुरुस्त करणाऱ्या ओळखीच्या माणसाकडून करून घ्या आणि समोर बसून करून घ्या.

दुसरं काम हार्ड डिस्क बदलण्याचं, आणि ते तुम्ही घरी करू शकता. जाड्या पीएस४च्या वरच्या बाजूचा चकचकीत (काही यंत्रांवर साधा) अर्धा भाग नुसता बाजूला सरकवला की निघतो. आत एकच मोठा स्क्रू दिसेल, त्याच्या डोक्यावर प्लेस्टेशनच्या बटणांची चारही चिन्हं कोरलेली आहेत: गोल, फुली, चौकोन, त्रिकोण. तो काढा, डिस्कची पेटी बाहेर ओढा, तिचे चार छोटे स्क्रू काढून २.५ इंची साटा एसएसडी बसवा. भाव आधी दोन ठिकाणी विचारा. त्याआधी सेटिंगमधून सगळे सेव्ह पेन ड्राइव्हवर घ्या, नाहीतर घोडा, पिस्तूल, झोपडी सगळं गेलं. दुसऱ्या एका पेन ड्राइव्हवर सोनीच्या साइटवरची पूर्ण इन्स्टॉलची फाइल उतरवा. नुसत्या अपडेटची लहान फाइल चालत नाही, इथेच बहुतेकांची संध्याकाळ जाते. पेन ड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलेला हवा, त्यात ‘पीएस४’ नावाचा फोल्डर, त्याच्या आत ‘अपडेट’, दोन्ही इंग्रजी मोठ्या अक्षरांत, आणि फाइल त्यात. मग पॉवरचं बटण दाबून धरा. एक बीप येईल, सोडू नका, साधारण सात सेकंदांनी दुसरी येईल तेव्हा सोडा. सेफ मोड उघडतो. पुढचं पडदा सांगेल तसं करा.

एसएसडीने प्रोसेसर तरुण होत नाही, गर्दीत चित्र अडखळायचं ते अडखळेलच. पण गावातून गावात उडी मारताना डोळे मिटायची पाळी येत होती ती येणार नाही, आणि बाहुल्यांना चेहरे लवकर फुटतील. शिवाय उन्हाळ्यात मध्येच वीज गेली की फिरत्या डिस्कला जो झटका बसतो, आणि परत चालू केल्यावर ‘यंत्र नीट बंद केलं नव्हतं’ म्हणून तपासणीची पट्टी सरकत राहते, तो धाकही बराच कमी होईल.

भाच्याला त्या रविवारी जेवायला बोलवा. स्क्रू काढायला त्याचा हात तुमच्यापेक्षा सराईत असणार, आणि बारका फिलिप्स स्क्रूड्रायव्हर त्याच्याकडे नक्की असेल.